सरासरीचा सूर्य कधीच उगवत नाही

२८ एप्रिल २०२५ रोजी भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांतली वीज गेली. ऊन लख्ख होते, पण आगगाड्या रुळांवर थांबल्या, सिग्नल विझले, मोबाइलचे टॉवर एकेक करून मुके झाले. सगळीकडे वीज परतायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. तारांत प्रवाह परतण्याआधीच निकाल मात्र लागून गेले होते. एका बाजूने जाहीर केले, हे सौरऊर्जेचे पाप. दुसरीने जाहीर केले, सौरऊर्जेचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पुढे जूनमध्ये स्पेन सरकारचा अहवाल आला. त्याने बोट ठेवले ते चढत गेलेल्या व्होल्टेजवर आणि ते आवरायची पुरेशी तजवीज नसण्यावर. तोवर दोन्ही बाजू पुढच्या भांडणाला लागल्या होत्या.

नवीकरणीय ऊर्जेवरचा वाद गेली काही वर्षे असाच चालला आहे. एक पक्ष म्हणतो, सूर्य रात्री नसतो आणि वारा लहरी असतो, तेव्हा कोळसा किंवा अणू यांवाचून गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो, बॅटऱ्या स्वस्त झाल्या, आता प्रश्नच उरला नाही. दोघेही अनिश्चिततेकडे सौर आणि पवन ऊर्जेला लागलेला डाग म्हणून पाहतात. एकाला वाटते तो कधीच निघणार नाही, दुसऱ्याला वाटते तो धुऊन झाला. माझे म्हणणे वेगळे आहे. अनिश्चितता हाच वीजनियोजनाचा मुख्य विषय आहे, आणि सौरपट्ट्या नव्हत्या तेव्हाही तोच होता. किती मेगावॅट बसवले आणि युनिट कितीला पडले, हे आकडे त्यापुढे दुय्यम. वाईट दिवस ओळीने किती येतात आणि ते येतील तेव्हा आपल्या हातात कोणते निर्णय शिल्लक असतील, हे आधी विचारायला हवे. ते विचारले की वीज कशापासून बनवायची आणि कुठे साठवायची, हे दोन निर्णय वेगळे काढताच येत नाहीत.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, रोजची मागणी १०० युनिटे आहे. चांगल्या दिवशी १५० युनिटे वीज बनते, वाईट दिवशी ५०. चांगले-वाईट दिवस निम्मे निम्मे, म्हणजे सरासरी बरोबर १००. कागदावर मागणी-पुरवठा तंतोतंत जुळला. आता हे दिवस एकाआड एक येत असतील, तर ५० युनिटांची साठवण पुरते: आज उरलेले उद्या वापरायचे. पण दहा दिवस चांगले आणि मग सलग दहा दिवस वाईट असे आले तर? साठवण ५०० युनिटांची लागेल. सरासरी तीच, चढ-उतार तेवढेच, वर्षाची एकूण वीजही तेवढीच, तरीही साठवणीची गरज दहापट. फरक फक्त क्रमाचा. आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत जी तीन मापे फिरत असतात, म्हणजे स्थापित क्षमता, वर्षभराची निर्मिती आणि प्रतियुनिट खर्च, त्यांपैकी एकालाही हा क्रम दिसत नाही.

हा शोध कालपरवाचा नाही आणि वीजवाल्यांनी लावलेलाही नाही. हॅरल्ड हर्स्ट नावाचा इंग्रज जलशास्त्रज्ञ १९०६ मध्ये इजिप्तला गेला आणि नाईलच्या पाण्याचा हिशेब करण्यात त्याने उभे आयुष्य घालवले. नाईलवर धरण बांधायचे तर ते केवढे असावे, हा त्याचा प्रश्न. त्याच्यासमोर कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या मोजस्तंभाच्या शतकानुशतकांच्या नोंदी होत्या. बरी-वाईट वर्षे नाणेफेकीसारखी, आधीच्या वर्षाशी संबंध न ठेवता येत असती, तर विचारात घेतलेला काळ चौपट केल्यावर लागणारी साठवण दुप्पट व्हायला हवी होती. नाईलच्या नोंदींत ती पावणेतीनपटीच्या आसपास भरत होती. सुकाळामागे सुकाळ येतो, दुष्काळामागे दुष्काळ. वाईट वर्षांना एकमेकांची सोबत आवडते. १९५१ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आज हवा आणि ऊन यांच्याविषयी आपण जे बोलतो त्याचा गाभा या निष्कर्षात आहे. गंमत अशी की तो मांडणारा माणूस वीज साठवण्याचा विचार करत नव्हता.

इथे बॅटरीप्रेमी मंडळींना त्यांच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करावा लागेल. जर्मन भाषेत ‘डुंकेलफ्लाउटं’ असा शब्द आहे: काळोख आणि निर्वात एकाच वेळी. हिवाळ्यात मोठ्या प्रदेशावर ढग बसतात, वारा पडतो आणि हे कित्येक दिवस चालते. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच एका संध्याकाळी जर्मनीच्या घाऊक बाजारात वीज प्रति मेगावॅट-तास ९०० युरोंच्या वर गेली. चार तास चालणारी बॅटरी अशा आठवड्यात पहिल्या संध्याकाळी रिकामी होते, आणि तिला पुन्हा भरायला वरकड वीज कुठेच नसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने २०२३ मध्ये ३७ वर्षांच्या हवामान-नोंदी घेऊन हाच अभ्यास केला. ब्रिटनची वीज वाऱ्या-उन्हावर चालवायची तर काही वर्षे ओळीने मंद वाऱ्याची येतात हे धरूनच साठवण ठरवावी लागेल आणि ती हायड्रोजनसारख्या रूपात दीर्घकाळ ठेवावी लागेल, असे त्यातून निघाले. हर्स्टच म्हणायचा तो! ज्यांनी एक-दोन वर्षांच्या नोंदी घेऊन गणित केले असते, त्यांना ही गरज दिसलीच नसती.

मग ‘बॅटरी’ या एका शब्दात आपण काय काय कोंबतो ते पाहा. २०१७ च्या डिसेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल इथली बॅटरी सुरू झाली, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी लिथियम बॅटरी: १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास. त्याच वर्षी त्याच देशात ‘स्नोई २.०’ या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची घोषणा झाली. वरकड वीज असताना पाणी वरच्या तलावात चढवायचे, गरज पडली की खाली सोडायचे. त्याची साठवण ३,५०,००० मेगावॅट-तास, म्हणजे हॉर्न्सडेलच्या सुमारे २,७०० पट. वर्तमानपत्रांनी दोघांनाही ‘महाबॅटरी’ म्हटले. पण पहिलीचे काम सेकंदांचे आणि मिनिटांचे: ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता (प्रवाहाच्या आंदोलनांची लय) ढळली की लगेच सावरणे. दुसऱ्याचे काम दिवसांचे आणि आठवड्यांचे. पाण्याचा पेला आणि तलाव यांची तुलना ‘दोन्हींत पाणीच’ म्हणून करावी, तसा हा प्रकार.

आणि खर्चाचे गणित तर याहून फसवे. रोज भरली-रिकामी होणारी साठवण वर्षाला ३६५ वेळा कमाई करते. दहा दिवसांच्या निर्वातासाठी बांधलेली साठवण कदाचित वर्षातून एकदाच. त्याच भांडवलाचा भार एकीकडे ३६५ फेऱ्यांवर वाटला जातो, दुसरीकडे एका फेरीवर. म्हणून ‘बॅटरीतून रात्रीची वीज इतकी स्वस्त पडते’ या वाक्यावरून ‘मग पावसाळी आठवड्याचीही पडेल’ असा निष्कर्ष काढणे ही शुद्ध हातचलाखी आहे, करणाऱ्याच्या ध्यानात येवो न येवो. क्वचित लागणाऱ्या गोष्टीला बांधायला स्वस्त, चालवायला महाग असली तरी चालेल असे साधन हवे. रोज लागणाऱ्या गोष्टीला याच्या उलट.

वरच्याच उदाहरणाकडे परत जाऊ. दहा चांगले, दहा वाईट दिवस; साठवण ५०० युनिटांची. आता साठवण वाढवण्याऐवजी सौरपट्ट्याच तीस टक्के जास्त लावल्या तर? वाईट दिवशी ५० च्या जागी ६५ युनिटे मिळतील, तूट ३५ ची, दहा दिवसांची ३५०. साठवणही तीस टक्क्यांनी उतरली. बदल्यात चांगल्या दिवसांतली ६०० युनिटे वापराविना सोडून द्यावी लागतील. ती सोडली की लगेच ओरड होते: बघा, तयार वीज फुकट घालवली! पण घालवलेल्या विजेचा खर्च आणि न बांधाव्या लागलेल्या साठवणीचा खर्च शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ही ओरड खरी की खोटी ते कळणार कसे? कुठे जास्तीच्या पट्ट्या स्वस्त पडतील, कुठे दूरच्या प्रदेशाशी जोडणारी पारेषण वाहिनी, कारण तिथले ढग वेगळे असतात. निर्मितीचे लक्ष्य एका टेबलावर ठरले आणि साठवणीचे दुसऱ्या, तर हा सौदा कुणालाच करता येत नाही. प्रत्येकजण आपापला आकडा गाठतो आणि एकूण बेरीज चुकते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्यांचा मुद्दा असा की बेभरवशाच्या स्रोतांभोवती इतकी कसरत करण्यापेक्षा भरवशाचे स्रोत घ्यावेत. ऐकायला बिनतोड वाटते. पण भरवशाचे म्हणजे कोणते? फ्रान्सची वीज दशकानुदशके अणुभट्ट्यांवर चालली, आणि तिच्याइतके भरवशाचे उदाहरण दुसरे दिले जात नसे. २०२१ च्या अखेरीपासून काही भट्ट्यांच्या नळ्यांत गंजाच्या भेगा सापडू लागल्या. २०२२ मध्ये तपासणी, दुरुस्ती आणि तुंबलेली देखभाल एकत्र आली आणि एका टप्प्यावर ५६ पैकी निम्म्याहून अधिक भट्ट्या बंद होत्या. चार दशकांत पहिल्यांदा फ्रान्सने वर्षभरात विकली त्यापेक्षा जास्त वीज विकत घेतली. एकाच धाटणीच्या भट्ट्या, म्हणून एकाच धाटणीचा दोष. ढग निदान चार दिवस आधी अंदाजात दिसतात. या भेगा कुठल्या अंदाजात होत्या?

टेक्सासचे उदाहरण याहून कडवट आहे. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत तिथे पवनचक्क्या गोठल्या हे खरे, आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. पण बंद पडलेल्या संचांत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूवरच्या संचांचा होता: विहिरी गोठल्या, वाहिन्यांतला दाब पडला, वायू उपसणाऱ्या यंत्रांची वीज भारनियमनात गेली, त्यामुळे वायू आणखी आटला. एक अणुभट्टीसुद्धा गोठलेल्या नळीपायी बंद पडली. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले. नियोजनात प्रत्येक संच स्वतंत्रपणे, आपापल्या नशिबाने बंद पडतो असे धरले होते. थंडीने सगळ्यांना एकाच रात्री गाठले. म्हणजे एकाच वेळी अनेक स्रोत आडवे पडण्याचा धोका हा सूर्य-वाऱ्याचा खास अवगुण नव्हेच. तिथे तो उघड दिसतो, इतरत्र झाकलेला असतो.

आणि मागणीची अनिश्चितता? ती तर कोणत्याही स्रोताने जात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका सार्वजनिक वीजसंस्थेने पाच अणुभट्ट्या बांधायला घेतल्या, कारण अंदाज होता की मागणी दरवर्षी ७ टक्क्यांच्या आसपास वाढत राहील, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट. मागणी तशी वाढली नाही. बांधकामाचा खर्च मात्र वाढला. पाचांपैकी एकच भट्टी पुरी झाली आणि १९८३ मध्ये त्या संस्थेने सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडवले, तोवरच्या अमेरिकी इतिहासातली अशा रोख्यांची सर्वांत मोठी बुडीत. यात ना ढग होता ना वारा. एकच आकडा खरा मानून त्यावर दहा-दहा वर्षांची, मागे न फिरवता येणारी बांधकामे रचणे, एवढाच दोष होता.

साठवण ही नवीकरणीय ऊर्जेची कुबडी आहे, हाही एक आवडता वाक्प्रयोग. वेल्समध्ये डोंगराच्या पोटात बांधलेले डिनॉर्विक हे उदंचन केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले, क्षमता सतराशे मेगावॅटच्या वर. तेव्हा ब्रिटनच्या ग्रिडवर पवनचक्क्या होत्या कुठे? रात्री सहजी कमी न करता येणाऱ्या मोठ्या केंद्रांची वरकड वीज ते पाणी चढवायला वापरत होते आणि अचानक मागणी उसळली की काही सेकंदांत ती परत देत होते. जगातली कितीतरी उदंचन केंद्रे कोळसा आणि अणू यांच्या ताठरपणावर उतारा म्हणून बांधली गेली. कुबडी म्हणायचीच तर ती सगळ्यांचीच.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो. तो असा की ‘अनिश्चितता धरून नियोजन’ हे बोलायला सोपे. प्रत्यक्षात ते शेकडो संभाव्य भविष्यांचे गणित असते. भविष्ये कोणती निवडायची आणि कुणाला किती वजन द्यायचे, हे शेवटी गणित मांडणाऱ्याच्या मर्जीवर. मंत्री आणि नियामक यांना ते उलगडत नाही, आणि हवे ते उत्तर गणितातून काढून घेणारे टपलेलेच असतात. हे सगळे खरे आहे. पण एकच अंदाज घेऊन केलेली योजना या मर्जीतून सुटते असे समजू नये. तीही एक निवडलेले भविष्यच असते. फक्त तिला शंभर टक्के वजन दिलेले असते आणि ते कुठे लिहिलेले नसते.

खरी लबाडी दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारते. साठवणीचा फायदा मोजणारी बरीच गणिते वर्षभराचे हवामान आधीच माहीत आहे असे धरून चालतात. त्या कागदी बॅटरीला ठाऊक असते की परवा ढग येणार, म्हणून ती आजच काटकसर करते. असा सर्वज्ञ चालक कोणत्याही नियंत्रण कक्षात नसतो. खऱ्या चालकाला आज संध्याकाळी ठरवायचे असते की आत्ता वीज द्यायची की उद्यासाठी राखायची, आणि उद्याचा अंदाज चुकू शकतो हे त्याला पक्के माहीत असते. फ्रेंच अभियंता आणि अर्थतज्ज्ञ पिएर मासे याने १९४६ मध्ये जलाशयांच्या बाबतीत नेमका हाच पेच मांडला होता: आज सोडलेल्या पाण्याची किंमत म्हणजे उद्या ते नसल्याने होऊ शकणारे नुकसान, आणि ते नुकसान अनेक शक्यतांवर तोलूनच काढावे लागते. धरणवाल्यांना पाऊणशे वर्षांपूर्वी उमगलेली गोष्ट बॅटरीचे सादरीकरण करणाऱ्यांना अजून अडचणीची वाटते, कारण ती धरली की नफ्याचा आकडा उतरतो.

शक्यतांना वजने देणे पटत नसेल, तर वजनांवाचूनही मार्ग आहे. प्रत्येक योजनेसाठी विचारायचे की भविष्य जसे निघाले ते आधी कळले असते तर आपण काय केले असते, आणि त्या मानाने आपण किती गमावले. ज्या योजनेत हा पश्चात्ताप वाईटात वाईट स्थितीतही कमी, ती निवडायची. ब्रिटनमध्ये पारेषणाच्या मोठ्या कामांची निवड याच रीतीने केली गेली आहे. रीत निर्दोष नाही. एखादे अतिरेकी भविष्य आत घुसवले की तेच सगळा निकाल ठरवते. पण निदान वाद कशावर घालायचा ते तरी समोर येते.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॉर्न्सडेलची बॅटरी करारानंतर शंभर दिवसांच्या आत उभी राहिली. स्नोई २.० दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होईल असे २०१७ मध्ये सांगितले गेले. २०२३ मध्ये आकडा बारा अब्जांवर गेला होता आणि बोगदा खणणारे यंत्र मऊ जमिनीत अडकून महिनोन्महिने जागचे हलत नव्हते. यावरून ‘मग बॅटऱ्याच घ्या’ असे म्हणणारे आधीची सगळी चर्चा विसरतात, कारण शंभर दिवसांत होते ते सेकंदांचे आणि तासांचे काम. आठवड्यांचे काम करणारी साधने बांधायला दशक लागते. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. जे लवकर उभे राहते, त्याबाबत थांबून पाहण्याची मुभा असते, आणि त्या मुभेला किंमत आहे. उलट, दशकभर लागणाऱ्या कामाची जागा, परवानगी, भूगर्भ-तपासणी हे आज अनिश्चिततेतच सुरू करावे लागते; पुरे बांधायचे की नाही ते पुढच्या टप्प्यावर ठरवता येईल. एकदाच, वीस वर्षांसाठी, गोळाबेरीज लक्ष्य जाहीर करून टाकणे ही सोय समारंभाची आहे.

कॅलिफोर्नियाने हे ठेच लागून शिकले. १४ आणि १५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथे भारनियमन करावे लागले. चौकशीत निघाले की उष्णतेची लाट तर होतीच, पण नियोजनाचे लक्ष दिवसाच्या सर्वाधिक मागणीवर खिळलेले होते आणि खरी टंचाई सूर्य कलल्यावर, सौरवीज उतरताना आणि घरे अजून तापलेली असताना येत होती. पुढच्या दोन वर्षांत बॅटऱ्यांची भर पडली. ६ सप्टेंबर २०२२ रोजी मागणी ५२,०६१ मेगावॅटला भिडली, हा तिथला विक्रम, आणि तरीही तसे भारनियमन पुकारावे लागले नाही. मात्र श्रेय एकट्या बॅटऱ्यांना देऊ नका. त्या संध्याकाळी लोकांच्या फोनवर वीज कमी वापरण्याचा तातडीचा संदेश गेला आणि अर्ध्या तासाच्या आत मागणी सुमारे २,००० मेगावॅटने खाली आली. वर्षातून एखाद्या संध्याकाळी लागणारे साधन बांधायला स्वस्त हवे असे वर म्हटले. मोबाइलवरच्या संदेशापेक्षा स्वस्त काय असणार?

याच न्यायाने मी जुन्या औष्णिक संचांबद्दल काहीसा मवाळ आहे, आणि त्यासाठी माझ्या पर्यावरणवादी मित्रांचा रोष पत्करायला तयार आहे. भांडवल वसूल झालेला संच वर्षातले दोन-तीन आठवडे, डुंकेलफ्लाउटंसारख्या दिवसांत चालवला, तर त्याचा धूर वर्षभर चालणाऱ्या संचाच्या मानाने किरकोळ असतो आणि तेवढ्यासाठी बांधावी लागणारी प्रचंड साठवण वाचते. अट एकच: तो राखीव म्हणून ठेवायचा आणि उभे राहण्याचे पैसे द्यायचे, युनिटांवर नाही. युनिटांवर दिले की तो वर्षभर चालण्याची निमित्ते शोधू लागतो. नवे कोळसा-संच बांधण्याचे समर्थन यातून निघत नाही, कारण नव्या संचाचे भांडवल तीन आठवड्यांवर वाटले की तो जगातली सर्वांत महाग साठवण ठरतो.

शेवटी हर्स्टच्या नाईलकडे येतो. साठवण एका वर्षासाठी मोजू नये, वाईट वर्षांच्या लांबच लांब रांगेसाठी मोजावी, हा त्याचा आग्रह होता, आणि आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पुरे झाले तेव्हा त्याच्यामागच्या जलाशयाचा पसारा सरासरीच्या हिशेबाने उधळपट्टीच वाटला असता. मग १९७९ पासून नाईलच्या उगमाकडे पाऊस कमी पडू लागला आणि जवळजवळ दशकभर कमीच पडत राहिला. इथिओपियात आणि सुदानात दुष्काळाने हाहाकार माजवला. इजिप्त दरवर्षी जलाशयातून उचलत राहिला. १९८८ च्या उन्हाळ्यात पाणी टर्बाइने बंद करावी लागतील अशा पातळीच्या जवळ टेकले होते. ऑगस्टमध्ये सुदानातल्या नाईलकाठच्या खार्टूमला महापूर आला आणि तेच पाणी खाली आस्वानमागच्या नासेर जलाशयात उतरले.